अर्ध्या तासाचं पाणी

पाणी यायच्या आधी नळ श्वास घेतो. आधी 'सूं' असा बारीक आवाज, मग दोन-तीन खोकले, मग तांबूस पिचकारी आणि मग पाणी. माझं लहानपण कळव्याच्या एका चाळीत गेलं. तिथे हा आवाज पहाटे चारच्या सुमारास यायचा आणि आईला तो झोपेत ऐकू यायचा. आम्ही तिघं भावंडं शेजारच्या लग्नातल्या बँडनेही कूस बदलत नसू, पण त्या 'सूं'ला आई ताडकन उठून बसायची. "तू रात्रभर जागीच असतेस का गं?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मी झोपते. कान जागा असतो."

चौदा बिऱ्हाडं, एक नळ आणि सव्वा तास पाणी. रात्रीची जेवणं आटोपली की नळापासून गटाराच्या कडेने भांड्यांची रांग लागायची. कान तुटलेली बादली, तेलाचा पत्र्याचा डबा, डालड्याचा पिवळा डबा. एकीची तर नुसती वीट होती, वर खडूने खोली नंबर लिहिलेला. माणसं घरात झोपलेली आणि त्यांचे नंबर रात्रभर बाहेर उभे. वीट कुणी सरकवली यावरून आठ नंबर आणि अकरा नंबर या खोल्यांमध्ये जो अबोला पडला, तो अकरा नंबरच्या मुलीच्या साखरपुड्यापर्यंत टिकला. साखरपुड्याला पाणी लागलं तेव्हा आठ नंबरने दोन पिंपं भरून दिली. मग दोघी गळ्यात गळे घालून रडल्या.

आमची खोली पहिल्या मजल्यावर. अठरा पायऱ्या. आई डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन वर यायची आणि दाराशी आली की पायाने दार ढकलायची. त्या दाराच्या खालच्या फळीवर एक गुळगुळीत डाग पडला होता. चाळ पाडली तेव्हा लोकांनी दारं-खिडक्या भंगारात दिल्या. तो डाग माझ्या डोळ्यांसमोरून गेलेला नाही.

आता मी घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर राहते. आई माझ्याकडेच असते. सोसायटीची खजिनदार होण्याची हौस मला नव्हती, पण वार्षिक सभेला जो गैरहजर असतो त्याच्या गळ्यात पद पडतं, हा नियम मला माहीत नव्हता. खजिनदार झाल्यावर दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे लिफ्टवाल्याशी वाद घालायचा नसतो. दुसरी म्हणजे आमच्या खर्चात विजेच्या खालोखाल सगळ्यात मोठा आकडा पाण्याच्या टँकरचा आहे. जाहिरातीत तरणतलाव होता, तो आहेही. त्यातलं पाणीही टँकरचंच.

हिशेब मांडायची खोड लागल्यावर माणूस नको तिथेही हिशेब मांडतो. एका दुपारी टँकरची बिलं लावता लावता मी आईचा हिशेब केला. रोज सव्वा तास, वर्षाचे ४५६ तास, म्हणजे दिवसरात्र धरून १९ दिवस. त्या चाळीत ती १४ वर्षं होती. १९ गुणिले १४ म्हणजे २६६ दिवस. आकडा पाहून मी पेन खाली ठेवलं. आईला सांगितलं, "आई, तू नळावर नऊ महिने उभी होतीस."

ती गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाथांच्या घरी देवानं बारा वर्षं पाणी भरलं. मी चौदा भरलं. पण मला कुणी श्रीखंड्या म्हटलं नाही."

पैठणला नाथांच्या वाड्यात श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी वाहणारा देव आपल्याला लहानपणापासून माहीत असतो. आईने त्याच्याशी स्वतःची तुलना करेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं की देवाला एखाद्याच्या घरी सेवा करायची होती तेव्हा त्याने नेमकं हेच काम का निवडलं असेल. 'त्याच्या घरी लक्ष्मी पाणी भरते' असंही आपण म्हणतोच. लक्ष्मी झाली तरी पाणी भरायचं चुकलं नाही, हे त्या म्हणीतलं पुढचं वाक्य आपण बोलत नाही.

त्याच सुमारास एक व्याख्या माझ्या वाचनात आली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून जगभरातल्या पिण्याच्या पाण्याची नोंद ठेवतात. त्यांच्या लेखी 'मूलभूत' पाणी कुणाला मिळतं? स्रोत बरा असला पाहिजे आणि घरून निघून, रांगेत उभं राहून, पाणी घेऊन परत यायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. रांग धरून! हे वाचून मला त्या अनोळखी तज्ज्ञांबद्दल एकदम आपुलकी वाटली. कुणीतरी रांगेत उभं राहून पाहिलेलं दिसतंय. अर्ध्या तासाच्या वर गेलं की पाणी तेच असलं तरी घर 'मर्यादित' या खालच्या पायरीवर घसरतं. सगळ्यात वरची पायरी म्हणजे पाणी घरात, हवं तेव्हा आणि निर्धोक. २०२२ च्या नोंदीप्रमाणे जगातल्या २२० कोटी माणसांना ही वरची पायरी मिळालेली नव्हती. त्यातल्या सुमारे ७० कोटींना मूलभूतसुद्धा नाही, आणि साडेअकरा कोटी माणसं थेट नदी-तळ्याचं पाणी पीत होती.

कळव्याची आमची चाळ, महापालिकेचा नळ, स्टेशन दहा मिनिटांवर. तरी आई या व्याख्येत मूलभूतच्याही खाली होती. आम्ही मात्र स्वतःला मध्यमवर्गीय समजत होतो.

ज्या घरांत पाणी बाहेरून आणावं लागतं अशा दहातल्या सात घरांत ते बाई किंवा मुलगी आणते, असंही त्याच नोंदीत आहे. युनिसेफने २०१६ मध्ये सांगितलं होतं की जगभरातल्या बायका-मुली मिळून रोज २० कोटी तास पाणी आणण्यात घालवतात. एवढ्या मोठ्या आकड्याचं मला काही होत नाही. दाराच्या फळीवरचा डाग मला कळतो.

टँकर आणणारा दादा शहापूर तालुक्यातला. तिशी-पस्तिशीचा, अबोल, पाइप सोडताना शेजारच्या गाडीवर थेंब उडणार नाही याची काळजी घेणारा. एकदा एप्रिलमध्ये चलनावर सही करताना मी सहज विचारलं, "गावाकडे बरंय ना? तुमच्याकडे काय, धरणंच धरणं."

तो हसला. "आमच्याकडं पण टँकरच येतो, मॅडम."

मला वाटलं, चेष्टा करतोय. शहापूर तालुका म्हणजे तानसा, शहापूर म्हणजे भातसा. १८९२ साली तानसाचं धरण झालं तेव्हापासून या डोंगरांतलं पाणी मुंबईला जातंय. आज मुंबईच्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं. ठाण्यालाही त्याच नदीचं पाणी येतं. आपल्या घरासमोरून माणसाच्या उंचीचे ते काळे पाइप मुंबईकडे जाताना आपण सगळ्यांनी पाहिलेत. लहानपणी त्यांच्यावर चढून धावण्याची पैज लावलीय. त्यात पाणी वाहतंय आणि ते कुणाच्या तरी गावचं आहे, हे मनात आलंच नव्हतं.

"धरण उशाला, कोरड घशाला," दादा म्हणाला. त्याच्याकडे ती म्हण नव्हती, पत्ता होता. मग टँकरची झाकणं लावून निघून गेला. दहा हजार लिटर आमच्या टाकीत.

मे महिन्यात त्याच्या बहिणीच्या लग्नाचं आमंत्रण आलं. मी गेले. खरं सांगायचं तर लग्नापेक्षा टँकर पाहायलाच गेले. खर्डी मागे टाकून पुढे गेलं की रस्ता डोंगरात शिरतो. त्यांची वाडी उंचवट्यावर आहे आणि तिथून, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, लांब खाली धरणाचं पाणी उन्हात चमकतं.

लग्नघरी पाहुणे म्हणून टँकर नेहमीच्या दिवसाच्या एक दिवस आधीच मागवला होता. मला वाटलं, टँकर आला की आमच्यासारखा टाकीला पाइप लागेल. टाकी नव्हतीच. टँकर विहिरीपाशी उलटा लावला, मागचा जाड पाइप विहिरीत सोडला आणि पाणी धो-धो विहिरीत. टँकरवाल्याला पुढच्या दोन वाड्या करायच्या असतात, एकेकीचा हंडा भरत थांबायला वेळ कुणाला? तो दहा-पंधरा मिनिटांत रिकामा होऊन गेला. मग खरी गडबड. चाळीस-पन्नास बायका काठावर, प्रत्येकीचा दोर वेगळा, पोहऱ्याच्या जागी वरून कापलेला ऑइलचा कॅन. तळाची माती ढवळून पाणी चहासारखं झालेलं. एक म्हातारी ओरडत होती, "निवळू द्या गं जरा, निवळू द्या!" कोण थांबतंय? थांबलं तर निवळलेलं पाणी दुसरी नेणार. एक पोरगी, आठवी-नववीची असेल, कळशीच्या तोंडावर ओढणी चौपदरी धरून पाणी ओतत होती. ओढणीवर चिखलाचा थर बसला की ती झटकायची आणि पुन्हा धरायची. कळशी भरायला तिला अकरा कॅन लागले. मी मोजले. माझ्या हातात तोवर कुणीतरी सरबताचा पेला दिला होता. तो कसा प्यायचा ते मला कळेना. न पिऊन ओतून देणं तर त्याहून वाईट. प्यायले.

ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मग ही गत का? दादाच्या काकांनी पायाखालचा दगड दाखवला. काळा कातळ, त्यावर वीतभर माती. चार महिने पाऊस कोसळतो आणि उतारावरून जसाच्या तसा निघून जातो. कातळ पाणी धरत नाही, विहिरी होळीपर्यंत पुरतात. धरणात पाणी आहे, पण ते खाली. भातसाचं पाणी नदीतून पिसेच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथे ते उपसायला मोठाले पंप आहेत आणि पंपांची वीजबिलं भरायला महापालिका आहेत. वाडी वर, पाणी खाली, आणि हा चढ चढवणारा पंप म्हणजे घरातल्या सुनेची मान.

याच तालुक्यातल्या एका गावाची बातमी २०१५ मध्ये जगभर छापून आली होती. तिथे काही पुरुषांनी दुसरी-तिसरी बायको केली होती ती पाणी भरण्यासाठी. विधवा किंवा टाकलेल्या बाईला घर आणि कुंकू मिळतं आणि घराला पाणी. वर्तमानपत्रांनी त्यांना 'पाणीवाली बाई' म्हटलं. मला हे वाचून कसंसंच झालं, कारण आमच्या घरात हा शब्द फार वेगळ्या बाईसाठी होता. गोरेगावच्या मृणाल गोरे. हंडे घेऊन बायकांचे मोर्चे काढणाऱ्या मृणालताईंना लोकांनी प्रेमाने दिलेलं ते नाव. १९७७ मध्ये त्या लोकसभेवर निवडून गेल्या आणि इंदिराबाई हरल्या, तेव्हा 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा वडील आम्हाला कौतुकाने ऐकवत. एकच शब्द, एक बाई पाणी मागणारी आणि एक पाणी वाहणारी. मधलं अंतर रेल्वेने दीड-दोन तासांचं.

लग्नाहून परतल्यावर मी चार दिवस घरात चिडचिड केली. आमच्या स्वयंपाकघरातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र एका बाजूने पेलाभर पाणी देतं आणि दुसऱ्या बाजूने दोन-तीन पेले सिंकमध्ये सोडतं. ते घेतलं त्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. विक्रेत्याने आमच्या नळाच्या पाण्यात दोन सळया बुडवून वीज सोडली, पाणी क्षणात तपकिरी झालं. "बघा मॅडम, हे पिता तुम्ही!" मी हादरले आणि चेक लिहिला. नंतर भाच्याने सांगितलं की ती घाण पाण्यातली नसते, लोखंडी सळईच झिजून गंज सुटतो. ज्या पाण्यात क्षार मुळात कमी त्याला हे यंत्र कशाला, असं राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये म्हटलं होतं आणि लिटरमागे ५०० मिलिग्रॅमची रेघ आखली होती. सह्याद्रीच्या नद्यांचं पाणी त्या रेघेच्या कितीतरी खाली. आता त्या यंत्राच्या नळीखाली बादली असते आणि त्या पाण्याने लादी पुसली जाते. एवढंच प्रायश्चित्त.

पण पाण्याची भीती खोटी होती असंही नाही. मी सहावीत असताना अख्ख्या चाळीला कावीळ झाली. घरोघरी मुळ्याचा पाला आणि उसाचा रस. पाणी शुद्धीकरण केंद्रातून चांगलंच निघतं. पण दिवसातून सव्वा तास पाणी म्हणजे उरलेले पावणेतेवीस तास पाइप रिकामा. गटाराच्या बाजूने जाणारा रिकामा पाइप, सांध्यात फट. पाणी थांबलं की आतला दाब जातो आणि फटीतून बाहेरचं आत शोषलं जातं. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावली की अजूनच. पहाटेच्या त्या 'सूं'मध्ये आईला पाण्याची चाहूल लागायची. त्याच हवेसोबत आत काय काय आलेलं असायचं, हे आम्हाला बिलिरुबीन वाढल्यावर कळलं.

चोवीस तास पाणी ही श्रीमंत देशांची चैन आहे, असं आमच्या सभेत एक गृहस्थ नेहमी म्हणतात. त्यांना मी नॉम पेन्हची गोष्ट सांगते. कंबोडियाची राजधानी, यादवीतून उठलेली. १९९३ मध्ये तिथे सोडलेल्या पाण्यातलं ७२ टक्के पाणी गळती आणि चोरीत जायचं. एक सोन चान नावाचे इंजिनिअर पाणीखात्याचे प्रमुख झाले. त्यांनी आधी आपल्याच खात्यातली खाबूगिरी मोडली, मग सगळ्यांना मीटर लावले. एका सेनाधिकाऱ्याकडे मीटर बसवायला गेले तर त्याने डोक्याला पिस्तूल लावलं. मीटर बसला. गरिबांना जोडणी सवलतीत, हप्त्यांवर. दीड-एक दशकात गळती सहा टक्क्यांच्या आसपास आली आणि चोवीस तास पाणी आलं. २००६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याकडे ओडिशात पुरीने २०२१ मध्ये नळाचं पाणी थेट पिण्याजोगं करून दाखवलं. गृहस्थ ऐकून घेतात आणि म्हणतात, "छोटी शहरं आहेत हो." मग पुढचा विषय पार्किंगचा.

बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात १९९९ साली पाणी खासगी कंपनीकडे गेलं, दर असे वाढले की लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिल २००० मध्ये सरकारला करार मोडावा लागला. त्याच बोलिव्हियाने दहा वर्षांनी, २८ जुलै २०१० रोजी, पाणी हा मानवी हक्क आहे असा ठराव संयुक्त राष्ट्रांत मांडला. १२२ देशांनी बाजूने मत दिलं, भारतानेही. विरोधात एकही नाही. ४१ तटस्थ राहिले. आपल्याकडे २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी आतल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही, जगण्याच्या हक्कातच पाणी येतं.

ठराव वाचताना मला महाड आठवतं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, हा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं होतं. कागद तयार, तळं भरलेलं. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसांसह तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळ भरावी लागली, त्यानंतर माणसांनी मार खाल्ला, तळं 'शुद्ध' केलं गेलं, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. कागदापासून ओंजळीपर्यंत चौदा वर्षं.

आमच्या शहरांसाठी सरकारी हिशेब माणशी दिवसाला १३५ लिटरचा आहे. खेड्यासाठी ५५. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं तेव्हा देशातल्या सव्वातीन कोटी ग्रामीण घरांत नळ होते, आता पंधरा कोटींवर गेले आहेत. हे काम थोडं नाही आणि त्याला नावं ठेवायची माझी इच्छाही नाही. फक्त १३५ आणि ५५ यांच्यातल्या ८० लिटरचं काय, हे मला कुणीतरी सांगावं. गावची तहान लहान असते का?

गेल्या महिन्यात दादाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. अंगणात सिमेंटचा छोटा ओटा, निळा पाइप, वर पितळी चमकदार नळ. नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं. कुठल्याशा योजनेतून बसवून गेलेत. मी लिहिलं, "अभिनंदन! पाणी आलं?"

"अजून नाही ताई. येणार म्हणतात. कुंभारीण माशी घर करते आत, म्हणून फडकं बांधलंय."

फोटो मी आईला दाखवला. तिने चष्मा लावला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. फडक्याच्या गाठीकडे बराच वेळ पाहिलं.

"त्याला विचार, पहाटे आवाज येतो का?"

"कसला आवाज?"

"नळाचा. सूं असा. फडकं सोडून ठेव म्हणावं रात्री, नाहीतर ऐकू नाही यायचा."

मी जसंच्या तसं टाइप करून पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. बराच वेळ काही नाही. मग उत्तर आलं, "आजींना सांगा, आई तिथंच खाट टाकून झोपते."